आधी दिशा, मग गेन: आरसी जेटला जायरो बसवताना

(हा या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. शेवटी तपासणीची यादी आहे, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

[००:००] सुरुवात

खापरहून बोलतोय. अक्कलकुवा तालुका, नंदुरबार जिल्हा. मागे सातपुडा, पुढे अंकलेश्वर-बऱ्हाणपूरचा हायवे, आणि मधे आमचं रान. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या की हे रान काही आठवडे मोकळं पडतं. आमचं विमानतळ तेच.

मागच्या भागात आरसी विमानांची तोंडओळख झाली. त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीवर आले: "दादा, जेटला जायरो कसा लावायचा?" तर आजचा अख्खा भाग त्यावर. पण आधी एक किस्सा सांगतो, कारण तो ऐकला नाही तर पुढचं सगळं नुसतं सेटिंग वाटेल.

[०१:१०] सहा सेकंदांचं उड्डाण

आम्ही तिघांनी पैसे जमवून एक जुनं फोमचं जेट घेतलं होतं. ६४ मिलिमीटरचा पंखा, चाकं नाहीत, हातानं फेकायचं आणि पोटावर उतरवायचं. आमच्या काळ्या मातीत भेगा असतात, तिथं बारीक चाकं चालतच नाहीत. आधीच्या मालकानं जायरो काढून घेतला होता, म्हणून आम्ही एक छोटा जायरो वेगळा मागवला आणि घरीच बसवला. वायर आखूड पडत होती, म्हणून डबी उलटी करून चिकटवली. चित भागाऐवजी पट.

मग तपासणी. माझ्या मामेभावानं विमान हातात घेतलं, पंख डावीकडे-उजवीकडे हलवले. पट्ट्या बरोबर हलल्या. "चालतंय ना भाऊ!" झालं. आमची तपासणी एवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात पंधरा-वीस पोरं जमली. त्यातली काही बांधावर, म्हणजे थेट आमच्या समोर बसलेली. आम्ही कुणाला उठवलं नाही. उलट बरं वाटलं, पब्लिक आहे म्हणून! पूर्ण थ्रॉटल दिला, फेकलं. नाक जरासं वर गेलं, आणि मग जातच राहिलं. मी स्टिक पुढे दाबतोय, विमान ऐकत नाही. सरळ उभं झालं, वेग संपला, मागे पडलं आणि बांधावर आदळलं. एका आठ-नऊ वर्षांच्या पोरापासून दोन हातांवर. बॅटरी फोम फोडून बाहेर आली होती.

पोराला काही झालं नाही. तो हसत होता. मी नाही हसलो. त्या दिवसानंतर दोन महिने मी रिमोटला हात लावला नाही.

चूक काय होती ते मध्यावर सांगतो. आधी जायरो करतो काय ते बघू. म्हणजे चूक तुमची तुम्हीच ओळखाल.

[०३:०५] जायरो तुमच्या खिशातच आहे

बीजीएमआय खेळणाऱ्यांना जायरो शिकवायची गरज नाही. फोन हलवला की निशाणा हलतो, तो जायरोमुळेच. चालता चालता काढलेला व्हिडिओ कमी हलतो, त्यातही बऱ्याच फोनमध्ये जायरोची मदत असते. बघायचं असेल तर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप घ्या, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलंय. त्यात जायरोस्कोप उघडा आणि फोन फिरवा. तीन रेषा दिसतील, तीन अक्षांच्या. फोन फिरतोय तोवर रेषा वर-खाली, थांबवला की शून्यावर.

इथंच मुद्दा आहे. फोन तिरका धरून थांबलात तरी रेषा शून्यावरच येते. म्हणजे जायरोला "किती तिरकं आहे" हे कळत नाही. त्याला "किती वेगानं फिरतंय" एवढंच कळतं, दर सेकंदाला किती अंश. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढे कामाला येईल.

चिपच्या आत सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा सतत थरथरत असतो. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या चकरीवर तुम्ही मधून काठाकडे चालायला लागलात तर कुणीतरी बाजूला ढकलल्यासारखं होतं ना? तसंच होतं. विमान फिरलं की तो थरथरणारा तुकडा बाजूला सरकतो, आणि तो किती सरकला ते चिप मोजते.

कल्पना जुनी आहे. जायरोस्कोप हे नाव फ्रान्सच्या फूकोनं १८५२ मध्ये दिलं. १८ जून १९१४ ला पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी नावाच्या तरुण वैमानिकानं परीक्षकांसमोरून विमान नेलं, दोन्ही हात वर करून. त्याचा मेकॅनिक चालत पंखावर गेला तरी विमान सरळ. आत फिरत्या चाकांचा जायरो होता. आपलं तेजस घ्या. ४ जानेवारी २००१ ला बंगळुरूत त्याचं पहिलं उड्डाण झालं. ते मुद्दाम अस्थिर बनवलंय, म्हणजे पटकन वळतं. त्याला सांभाळायला संगणकाच्या चार समांतर वाहिन्या सतत पट्ट्या हलवत असतात. १७ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए तिथूनच उडालं. आपल्या फोमच्या जेटमधला जायरो हा त्याच घराण्यातला, फक्त अगदी धाकटा.

[०५:४०] जेटलाच जायरो जास्त का लागतो?

पंखा पुढे असलेल्या विमानात एक फुकटची सोय असते. पंख्याची हवा थेट शेपटीवर येते. विमान हळू असलं तरी थ्रॉटल दिला की एलेव्हेटर आणि रडरला हवा मिळते, पट्टी काम करते.

जेटमध्ये पंखा पोटात असतो आणि हवा नळीतून मागे निघून जाते. शेपटीच्या पट्ट्यांना ती सहसा लागतच नाही. त्यांना फक्त विमानाच्या वेगाची हवा मिळते. त्यात पंख छोटे, वजन जास्त, आणि थ्रॉटल दिल्यावर पंख्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. म्हणून फेकल्यानंतरचे पहिले दोन-तीन सेकंद आणि उतरतानाचे शेवटचे दहा सेकंद हेच जेटचे अवघड क्षण. वाऱ्याचा झोत आला की पंख पडतो, आणि तुमचं बोट स्टिकवर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. जायरो तिथं तुमच्या आधी पोचतो.

पण एक लक्षात ठेवा. पट्टीला हवाच मिळत नसेल तर जायरो काहीही करू शकत नाही. विमान फार हळू झालं की पडणार, जायरो असो नसो.

आणि आमच्याकडच्या उन्हाचंही ध्यानात घ्या. ४२ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ९ टक्के विरळ असते. म्हणजे त्याच विमानाला उडायला जास्त वेग लागतो आणि पंख्याचा जोरही कमी होतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर उडवा. दुपारी तापलेल्या रानातून गरम हवेचे झोत उठतात, तेव्हा शिकणाऱ्यानं रिमोट पिशवीतच ठेवलेला बरा.

[०७:२०] जायरोच्या आधी विमान

खराब विमानावर जायरो लावणं म्हणजे ताप उतरायची गोळी खाऊन कामावर जाणं. आजार आतच राहतो. आधी हे करा:

गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी. बॅटरी ठेवून, कंपनीनं सांगितलेल्या खुणेवर दोन बोटांनी तोलून बघा. शेपूट जड असेल तर आधी बॅटरी पुढे सरकवा.

ढिलाई. पट्टी बोटानं हलवा. सर्वो न हलता पट्टी हलत असेल तर जोडणीत ढिलाई आहे. जायरो त्या ढिलाईतच पुढे-मागे करत बसतो आणि विमान थरथरतं.

पंखा. पंखा असमतोल असेल तर त्याची थरथर जायरोच्या चिपपर्यंत जाते आणि तिला वाटतं विमानच फिरतंय.

डबी बसवणं. सीजीच्या जवळ, घट्ट जागेवर, जायरोसाठीच्या जाड दुहेरी टेपवर. डबीच्या कडा विमानाच्या लांबीला समांतर. तिरकी बसली तर विमान वळताना नाकही हलवेल.

वीज. जायरो आला की सर्वो सतत हलत राहतात, करंट जास्त घेतात. स्पीड कंट्रोलरमधून मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा सगळ्या सर्वोंना पुरतोय ना, ते बघा.

[०९:००] दिशा: सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं

आता मोटरची वायर काढा. हो, काढाच. दिशा तपासताना पंखा फिरता कामा नये. ओढणी, सैल बाही, खडे, सगळं आत ओढतो तो.

पहिली पायरी: स्टिकची दिशा. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर. स्टिक उजवीकडे केली की उजवं एलेरॉन वर, डावं खाली. उलटं असेल तर रिमोटमधल्या रिव्हर्सनं सरळ करा.

दुसरी पायरी: जायरोची दिशा. स्टिकला हात लावायचा नाही. विमान हातात घ्या आणि झटक्यानं हलवा. हळू हलवलं तर पट्टी हलल्याचं दिसणार नाही, कारण जायरो फिरण्याचा वेग मोजतो. आता ही ओळ पाठ करा:

जिकडे ढकललं, पट्टी तिकडेच.

शेपटी खाली ढकलली, म्हणजे नाक वर गेलं, तर एलेव्हेटर खाली जायला हवं. उजवा पंख खाली ढकलला, तर उजवं एलेरॉन खाली. शेपटी डावीकडे ढकलली, तर रडर डावीकडे. का? पट्टी खाली गेली की हवा त्या भागाला वर उचलते. म्हणजे जो भाग पडला, तोच उचलला जातो.

आता सांगा, आमची चूक कुठं झाली?

डबी उलटी चिकटवली होती. डबी लांबीच्या अक्षाभोवती उलटी केली की पंखांच्या झुकण्याची दिशा तीच राहते, पण नाक वर-खाली होण्याची आणि शेपटी डावी-उजवी होण्याची दिशा उलटी होते. तीनपैकी एक बरोबर, दोन चूक. आणि आम्ही तपासली नेमकी तीच एक! नाक जरासं वर गेलं, जायरोनं एलेव्हेटर खाली करण्याऐवजी वर केलं. त्यामुळे नाक आणखी वर, मग एलेव्हेटर आणखी वर. गेन जास्त होता, म्हणून माझी स्टिक कमी पडली. आणि जायरो बंद करायचं बटण? ते आम्ही ठेवलंच नव्हतं.

दिशा चुकलेला जायरो नसलेल्या जायरोपेक्षा वाईट. तीनही अक्ष तपासा. प्रत्येक उड्डाणाआधी तपासा, फक्त बसवल्याच्या दिवशी नाही.

एक अडचण बऱ्याच जणांची होते. जायरो उलटा चालतोय म्हणून ते रिमोटमधला रिव्हर्स दाबतात. त्यानं स्टिकही उलटी होते. स्टिकची दिशा रिमोटमधून, जायरोची दिशा जायरोमधून. ही दोन कामं मिसळायची नाहीत.

[१२:३०] मोड: कुठला, कधी?

बहुतेक जायरोंना तीन खटक्यांचं बटण देता येतं. माझी मांडणी अशी: वरती बंद, मधे साधा मोड, खाली दुसरा काही लागला तर.

साधा मोड, म्हणजे रेट मोड. फिरायला लागलं की विरोध करतो, पण परत सरळ करत नाही. पंख वाऱ्यानं तिरका झाला तर तो तिरकेपणा वाढू देणार नाही, सरळ मात्र तुम्हीच करायचं. नव्वद टक्के काम यातच होतं.

होल्ड मोड. यात जायरो फिरण्याचा हिशेब ठेवतो आणि विमान होतं त्याच कोनात परत आणतो. ऐकायला भारी वाटतं, पण याला वेग कमी झालेलाही कळत नाही. तुम्ही हळू झालात आणि नाक पडायला लागलं, तर तो नाक वरच धरून ठेवायला बघेल. नाक पडणं हा विमानाचा इशारा असतो, तो दाबला जातो. जमिनीवर असताना चालू ठेवला तर पट्ट्या एका बाजूला सरकून बसतात. उड्डाण आणि उतरणं यात करू नका.

सेल्फ-लेव्हल. यात जायरोसोबत ॲक्सेलेरोमीटरही वापरतात, त्यामुळे "खाली कुठंय" हे त्याला कळतं. स्टिक सोडली की पंख सरळ. शिकताना ठीक आहे, पण त्याची सवय लागते.

[१४:२०] गेन: निशाण्याची सेन्सिटिव्हिटी

गेन म्हणजे जायरोनं किती जोरात उत्तर द्यायचं. गेममध्ये सेन्सिटिव्हिटी फार वाढवली की निशाणा थरथरतो ना? इथंही तसंच. गेन जास्त झाला की जायरो दुरुस्ती जास्त करतो, मग दुरुस्तीची दुरुस्ती, आणि विमान थडथडायला लागतं.

आता जेटची खास गोष्ट. वेग दुप्पट झाला की पट्टीवरचा हवेचा जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला जो गेन बरोबर वाटतो, तोच १०० ला चौपट जड पडतो. म्हणून उतरताना छान वाटणारं विमान पूर्ण थ्रॉटलला अचानक थरथरतं. तसं झालं तर लगेच थ्रॉटल कमी करा आणि जायरो बंद. थरथर चालू ठेवली तर सर्वोचे दात तुटतात, पट्टीही निघू शकते.

गेन लावायची माझी पद्धत:

पहिलं उड्डाण जायरो बंद ठेवून. हे ज्याला जमत नाही त्यानं जमणाऱ्याला बोलवावं. विमान सरळ जाईपर्यंत ट्रिम करा, उतरवा, जोडण्या नीट करा आणि ट्रिम परत शून्यावर आणा.

दुसऱ्या उड्डाणाला गेन २०-२५ टक्के. बंद ठेवून उडवा, पुरेशी उंची घ्या, अर्ध्या थ्रॉटलला रेट मोड चालू. काही विचित्र झालं तर बोट बटणावरच आहे. ठीक वाटलं तर हळूहळू वेग वाढवा.

प्रत्येक उड्डाणाला पाच-पाच टक्क्यांनी वाढवत जा. पूर्ण वेगात थरथर दिसली की थांबा आणि पाचवा हिस्सा कमी करा. ३० ला थरथरलं तर २४. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर यांचे गेन वेगवेगळे लावा. एलेरॉन सहसा सगळ्यात आधी थरथरतं.

रिमोटमध्ये सोय असेल तर फ्लॅपच्या बटणाला गेन जोडा. फ्लॅप वर म्हणजे वेग जास्त, गेन कमी. फ्लॅप खाली म्हणजे उतरतोय, गेन थोडा जास्त.

[१७:००] सुरू करतानाची शिस्त

बॅटरी जोडली की विमान जमिनीवर ठेवा आणि हात काढा. जायरो पहिले काही सेकंद "हे म्हणजे स्थिर" असं शिकत असतो. त्या वेळी हलवलं तर तो चुकीचं शून्य धरतो. गाडीच्या गरम डिकीतून काढलेलं विमान लगेच सुरू करू नका, सावलीत पाच-दहा मिनिटं ठेवा. तापमान बदललं की चिपचं शून्य सरकतं. आणि लिपो बॅटरी उन्हातल्या बंद गाडीत ठेवायचीच नाही.

फेलसेफ तपासा. रिमोट बंद केला तर थ्रॉटल शून्यावर यायला हवा.

[१८:१०] तुमचे प्रश्न

"दादा, जायरो असला की थेट जेटनं सुरुवात केली तर?" नको. जायरो वाऱ्याशी लढतो, निर्णय घेत नाही. कधी वळायचं, किती उंचीवरून उतरायचं, हे तुम्हालाच यायला हवं. आधी पुढे पंखा असलेलं, वर पंख असलेलं साधं विमान घ्या.

"माझं डेल्टा विमान आहे, दोनच पट्ट्या आहेत." मग एलेरॉन आणि एलेव्हेटरचं मिश्रण एकाच ठिकाणी करा. बऱ्याच जायरोंना ते स्वतःकडे लागतं, तेव्हा रिमोटमधलं बंद ठेवा. दोन्हीकडे लावलं तर पट्ट्या काय करतील ते कुणालाच कळणार नाही.

"कुठंही उडवलं तर चालतं का?" नाही. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेल विमानाची व्याख्या आहे: २५ किलोपर्यंत वजन, शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, आणि नजरेच्या टप्प्यात. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते बघा. हिरव्यात मर्यादा ४०० फूट. नोंदणीचे सध्याचे नियमही वाचून घ्या. आणि हायवेला धावपट्टी समजू नका, कितीही गुळगुळीत असला तरी.

[२०:००] शेवटची यादी

१. सीजी तोलला.
२. पट्ट्यांत ढिलाई नाही.
३. बॅटरी जोडल्यावर विमान हललं नाही.
४. स्टिकच्या दिशा बरोबर.
५. नाक वर: एलेव्हेटर खाली.
६. उजवा पंख खाली: उजवं एलेरॉन खाली.
७. शेपटी डावीकडे: रडर डावीकडे.
८. जायरो बंद करायचं बटण बोटाखाली.
९. फेलसेफला थ्रॉटल शून्य.
१०. सगळी माणसं उडवणाऱ्याच्या मागे. समोर कुणी नाही, बांधावर कुणी नाही.

दहावा मुद्दा पूर्ण होईपर्यंत मी आता विमान हातातच धरून ठेवतो. पोरं ओरडतात, "भाऊ, सोड ना!" मी सोडत नाही. तो बांधावरचा पोरगा हल्ली आमच्यासोबत असतो. विमान हातात घेऊन झटका द्यायचं काम त्याचं. तो मोठ्यानं म्हणतो, "जिकडे ढकललं, पट्टी तिकडेच!" आणि तीनदा बघून झाल्यावर मान हलवतो. त्यानं मान हलवली की मगच मोटरची वायर जोडतो.

पुढच्या भागात लिपो बॅटरी: चार्ज कशी करायची, किती ठेवायची आणि कधी फेकायची. तुमच्या विमानाचा जायरो तपासतानाचा व्हिडिओ पाठवा, तीनही अक्षांचा हं. भेटू. राम राम!